मॅथ्स सोडलं का?

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘किती पडले?’ आणि दुसरा, पेढा अजून तोंडात असतानाच, ‘मग, मॅथ्स सोडलं का?’ हा दुसरा प्रश्न ज्यांना ‘मेडिकलला टाकायचंय’ त्यांच्या घरी विचारतात. उत्तर ‘सोडलं’ असे आले की विचारणाऱ्याचा चेहरा उजळतो. पैलवानाने खालच्या गटात खेळण्यासाठी वजन उतरवावे, तसे गणित उतरवून पोर आता ‘नीट’च्या आखाड्यात उतरणार!

परवा आमच्या गल्लीतल्या एका घरी असाच पेढा खाल्ला. मुलीला सगळ्यांत जास्त गुण गणितात. तरी आईने आधीच ठरवून टाकले होते: फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि गणिताच्या जागी भूगोल. ‘जॉग्रफी स्कोअरिंग असतंय,’ त्या म्हणाल्या. ‘आणि डॉक्टरच व्हायचं म्हटल्यावर लॉगरिदम काय चाटायचंय?’ मुलीने बशी पुढे करता करता हळूच विचारले, ‘काका, दोन्ही ठेवलं तर चालत नाही का?’ मी काहीतरी बोलायचे म्हणून नारळीकरांचे नाव घेतले. आईने तिथल्या तिथे धरले. ‘ते आकाशवाले ना? त्यांचा बायोशी काय संबंध?’

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र पेढ्याबरोबर संपणारे नव्हते, म्हणून ते इथे लिहितो.

जयंत नारळीकर कोल्हापूरचे, हे आपण छाती काढून सांगतो. १९ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म इथे झाला, आणि खरे बोलायचे तर आपला हक्क तिथेच संपतो, कारण ते वाढले बनारसला. घराणे मात्र इथले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर १९०८ मध्ये कोल्हापुरातच जन्मले, १९२८ मध्ये केंब्रिजला गेले, आणि १९३२ मध्ये मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. वय चोवीसच्या आसपास. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवर काम करणाऱ्यांची एक शाळाच त्यांनी तिथे उभी केली. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचे जे गणिती वर्णन जगभर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखले जाते, ते प्र. चु. वैद्यांनी त्यांच्याच हाताखाली काम करताना १९४३ मध्ये मांडले. आजोळही कोल्हापूरचे. आई सुमतीबाई माहेरच्या हुजूरबाजार, संस्कृतच्या जाणकार. त्यांचे भाऊ वसंत शंकर हुजूरबाजार हे संख्याशास्त्रज्ञ. राजाराम कॉलेजात शिकलेला हा माणूस पुढे केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन करून आला आणि पुणे विद्यापीठात त्याने संख्याशास्त्राचा पाया घातला.

आणखी एक मामा होते, मोरूमामा. ते शिकायला बनारसला बहिणीकडे राहत. घरात भिंतीवर मुलांसाठी फळे केलेले होते. मोरूमामा त्यावर एक अवघड कोडे लिहून ठेवत, वर ‘ज.वि.ना. यांना आव्हान’ अशा अर्थाचा मथळा, आणि आपल्या कामाला निघून जात. कोडे सुटेपर्यंत किंवा भाच्याने हात टेकेपर्यंत फळा पुसायचा नाही, हा नियम. ही आठवण नारळीकरांनीच सांगून ठेवली आहे. मला त्यातली कोडी महत्त्वाची वाटत नाहीत. फळा पुसला जात नसे, हे महत्त्वाचे वाटते. आज आपल्याकडे उत्तर चार मिनिटांत आले नाही तर क्लासचे सर ‘हा प्रश्न सोडून पुढे जा’ म्हणतात, आणि परीक्षेपुरता तो सल्ला बरोबरही असतो.

पुढचे बहुतेकांना पाठ आहे. १९५७ मध्ये केंब्रिज, १९५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिले, मग फ्रेड हॉयल यांचे शिष्यत्व. जून १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि पंचविशीतला हा मुलगा भारतातल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. १९६५ मध्ये पद्मभूषण. सिद्धांताचा गाभा कोल्हापुरी माणसाला सहज कळेल असा आहे. गंगावेस तालमीतला पैलवान पाय रोवून उभा आहे, तुम्ही ढकलता, तो हलत नाही. का? वजनदार आहे म्हणून, असे आपण म्हणतो. न हलण्याचा हा जो गुण, ज्याला पुस्तकात जडत्व म्हणतात, तो वस्तूचा एकटीचा नाही. दूरदूरच्या ताऱ्यांपासून दीर्घिकांपर्यंत सगळ्या विश्वाने मिळून तो तिला दिलेला आहे, असा विचार माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडला होता. हॉयल आणि नारळीकरांनी त्याला समीकरणांचे अंग दिले. जगाने तो सिद्धांत मुख्य रस्ता म्हणून स्वीकारला नाही. विश्वाच्या जन्माबाबत महास्फोटाच्या कल्पनेलाच बहुमत मिळाले, आणि नारळीकर शेवटपर्यंत त्या बहुमताच्या बाहेर उभे राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हाही त्यांचे मत बदललेले नव्हते.

इथपर्यंतचे ‘आकाशवाले’. आता बायो.

हॉयल आणि त्यांचे दुसरे शिष्य चंद्र विक्रमसिंघे यांनी १९७०च्या दशकात एक भलताच दावा मांडायला सुरुवात केली. सजीवांची बीजे अवकाशात आहेत, धूमकेतूंच्या संगतीने ती पृथ्वीवर पडत आली आहेत आणि अजूनही पडतात. जीवशास्त्रज्ञांनी नाक मुरडले. खगोलवाल्यांनीही मुरडले. वाद पुष्कळ झाले. नारळीकरांनी वाद घालण्याऐवजी विचारले की हे तपासायचे कसे. खरोखरच वरून जंतू पडत असतील, तर ते जमिनीवर शोधून उपयोग नाही. जमीन जंतूंनी भरलेलीच आहे. इतक्या उंचीवरची हवा हवी, जिथे खालचे जंतू सहसा पोहोचत नाहीत. आपल्या अक्षांशांवर पावसा-वादळांची घुसळण सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत चालते. त्याच्या पुष्कळ वर जायला हवे.

म्हणून फुगा. पहिला २००१च्या जानेवारीत हैदराबादहून सुटला. दुसरा २० एप्रिल २००५ रोजी, टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादला चालवते त्या बलून केंद्रातून. फुग्याचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट. खाली लटकवलेले ४५९ किलोचे सामान, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन. निऑनमध्ये बुडवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या सोळा नळ्या, आतून निर्जंतुक केलेल्या आणि हवा काढून घेतलेल्या. निऑन कशाला, तर ते उणे २४६ अंशांना उकळते. इतक्या थंड नळीचे तोंड उघडले की बाहेरची विरळ हवा आत येते आणि भिंतीवर गोठून बसते, तिच्या मागोमाग आणखी हवा येते. पंप नाही, मोटर नाही. थंडीच हवा ओढून घेते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या वेगवेगळ्या थरांत नळ्या अशा उघडल्या आणि बंद केल्या, आणि पॅराशूटने खाली आणल्या. ४१ किलोमीटर म्हणजे सह्याद्रीतले कळसूबाई चोवीस वेळा एकावर एक ठेवले तरी फुगा शिखराच्या वरच राहतो.

या प्रयोगाचे प्रमुख संशोधक नारळीकर. पाठीशी इस्रोचे यू. आर. राव आणि जीवशास्त्रज्ञ पुष्प भार्गव. नळ्यांतला ऐवज दोन ठिकाणी तपासला गेला: हैदराबादला पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रात एस. शिवाजी यांच्याकडे, आणि पुण्याला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे. एकाच प्रयोगशाळेच्या बोटाला लागलेला जंतू आकाशातला ठरू नये, यासाठी दोन.

निकाल मार्च २००९ मध्ये जाहीर झाला. जिवाणूंच्या बारा वसाहती, बुरशीच्या सहा. त्यातल्या नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळणाऱ्या. तीन जिवाणू मात्र अगदी नव्या जातींचे, आणि तिघेही आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांपुढे जास्त टिकाव धरणारे. एकाला हॉयल यांच्या नावावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयली’ म्हटले, दुसऱ्याला इस्रोच्या नावावरून ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’, तिसऱ्याला ‘बॅसिलस आर्यभटा’. इस्रोच्या निवेदनात त्याच दिवशी स्पष्ट लिहिले होते की यावरून जंतू पृथ्वीबाहेरचे आहेत असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण पुढे शोध घ्यायला उत्तेजन मिळते.

पुढची गंमत मला जास्त आवडते. ‘आर्यभटा’ हा जिवाणू नंतरच्या वर्षांत जगभरच्या शेतांत, पिकांच्या मुळांजवळच्या मातीत सापडत गेला. तो पिकाच्या वाढीला मदत करतो का, यावर आज कृषिसंशोधक शोधनिबंध लिहितात. ‘इस्रोनेन्सिस’ची जात बदलून त्याला ‘सोलिबॅसिलस’ या कुळात टाकले आहे. त्यातला ‘सोलि’ म्हणजे माती. आकाशातून आणलेल्याचे गोत्र शेवटी माती निघाले. माझे स्वतःचे मत विचाराल तर हे जंतू खालूनच वर गेले असावेत. ज्वालामुखी, वादळे, काही ना काही त्यांना नेत असेल. कसे, हे अजून कुणी नीट सांगितलेले नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न मेलेला नाही.

मुलीची आई इथे म्हणेल, यात गणित कुठे आले? एकही समीकरण दिसले नाही. दिसले नाही हे खरे. पण जंतू शोधायचे तर ते कुठे सापडले म्हणजे काही अर्थ निघेल आणि कुठे सापडले म्हणजे निघणार नाही, हे सामान बांधायच्या आधी ठरवणे, हे फळा न पुसणाऱ्या घरातले वळण आहे. नारळीकरांनी हेच वळण फलज्योतिषालाही दाखवले. नरेंद्र दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांबरोबर आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासोबत त्यांनी २०० जन्मपत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या, १०० गतिमंद मुलांच्या. चाळीस-चाळीसचे गठ्ठे करून ज्योतिषांना दिले आणि विचारले, कोणती कुणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून जितके बरोबर आले असते तितकेही आले नाही. मामांच्या संख्याशास्त्राचे ऋण भाच्याने असे फेडले म्हणायला हरकत नाही. (पत्रिका जुळवणे त्यामुळे थांबले का, हे विचारू नका. कोल्हापुरात तर मुळीच विचारू नका.)

ज्यांना समीकरणच पाहायचे आहे त्यांनी थोडे खाली, गोव्याकडे यावे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७. मराठी वाचकाला ते इतिहासकार म्हणून ठाऊक, पोटापाण्याला गणिती. हार्वर्डहून आल्यावर १९२९ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठातच गणित शिकवू लागले. तिथून अलीगढला गेले, आणि थोड्याच काळाने त्याच विभागाची सूत्रे घ्यायला आमचे थोरले नारळीकर आले. दोघांची गाठ हुकली. पडती तर काय झाले असते कोण जाणे. कोसंबींचा स्वभाव पाहता बहुधा भांडण.

१९३३ मध्ये कोसंबींनी एका जर्मन नियतकालिकात वक्र मार्गांच्या भूमितीवर निबंध लिहिला. एखादी गोष्ट, मग तो ग्रह असो वा कण, कोणत्या वाटेने जाईल, आणि शेजारून निघालेली दुसरी वाट तिला धरून राहील की भरकटत जाईल, असा तो प्रश्न. निघाला होता भौतिकीच्या अंगणातून. थोर फ्रेंच गणिती एली कार्तां यांनी त्याच नियतकालिकात त्यावर टिपण जोडले, पुढे चर्न या गणितज्ञाने भर घातली, आणि तिघांच्या नावाने ती उपपत्ती उभी राहिली. कॅनडातला अँटोनेली नावाचा गणिती साठ वर्षांनी तीच घेऊन ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांवर गेला. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा आणि प्रवाळ यांच्या संख्यांची वाट कोसंबींच्या भूमितीने काढता येते, हे त्याने दाखवले. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधल्या ग्रंथाच्या नावातच ‘भौतिकी आणि जीवशास्त्रातील उपयोग’ असे शब्द आहेत.

एवढ्यावर थांबतील तर ते कोसंबी कसले. १९४४च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना त्यांचा चार पानांचा एक निबंध लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. विषय आनुवंशिकी. आई आणि बाप यांच्याकडून आलेली गुणसूत्रे पुढच्या पिढीला जाताना आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके गुणसूत्रावर जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट जास्त वेळा होणार. म्हणजे शंभर पिल्लांत किती वेळा ताटातूट झाली हे मोजले की अंतर कळावे. पण इथे एक मेख आहे. त्या दोघांच्या मधे दोनदा अदलाबदल झाली तर हिशेब फिटतो, दोघे पुन्हा एकत्र येतात, आणि मोजणाऱ्याला काहीच झाले नाही असे वाटते. त्यामुळे मोजलेला आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी येतो. किती कमी? हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये सूत्र दिले होते, पण त्यात गृहीत असे की एक अदलाबदल दुसरीला आडवी येत नाही. प्रत्यक्षात येते. एकीच्या अगदी शेजारी दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी हे आडवे येणे सूत्रात घातले. शंभरात वीस वेळा ताटातूट दिसली, तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर साडेपंचवीस येते, कोसंबींच्या सूत्राने एकवीसच्या थोडे वर. आज ज्वारी असो, भात असो, गहू असो, जनुकांचा नकाशा काढणारे सॉफ्टवेअर विचारते, ‘हॉल्डेन की कोसंबी?’ बहुतेक जण कोसंबीवर टिचकी मारतात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की हा माणूस सांखवाळच्या धर्मानंदांचा मुलगा, आणि सवड मिळेल तेव्हा जुनी नाणी तोलत बसायचा?

विषयांमधल्या भिंतीवरून उडी मारणाऱ्याचा पाय कधी मुरगळतोही. कोसंबींनी १९५९ मध्ये गणितातल्या सर्वांत प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्नाची, रीमान गृहीतकाची, सिद्धता सापडल्याचा दावा केला, तोही शेती-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. तो टिकला नाही आणि त्यांची बरीच शोभा झाली. नारळीकरांचे आकाशातले जंतूही जगाच्या गळी उतरले नाहीत. पण कोसंबींची ती चार पाने टिकली, आणि फुग्याने आणलेल्या तीन जाती टिकल्या.

हे सगळे थोरामोठ्यांचे झाले, आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. करोनात घरोघर ‘आर’चा आकडा बोलला जात होता, एक रुग्ण किती जणांना लागण देतो तो. साथीचे हे गणित कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये मांडले. कर्मॅक हा प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गेलेला रसायनशास्त्रज्ञ. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात नोकरी केलेला लष्करी वैद्यक खात्यातला डॉक्टर. डॉक्टर! आपली समीकरणे खरी उतरतात का हे पाहायला त्यांनी आकडे वापरले ते मुंबई बेटावरच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या आठवड्यांतल्या मृत्यूंचे. शाहू महाराजांच्या काळात ज्या प्लेगने कोल्हापूरकर शेतांत झोपड्या घालून राहिले, त्याच प्लेगचे. त्या निबंधातला आलेख डोंगरासारखा वर चढतो आणि उतरतो, आणि टिंबे जवळजवळ रेषेवर बसतात. प्रत्येक टिंब म्हणजे एका आठवड्यातली माणसे.

साथ नको, केंदाळ घ्या. रंकाळा केंदाळाने भरून गेलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. चांगले पोषण मिळाले, म्हणजे आपले सांडपाणी मिळाले, की केंदाळ साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे तळे अर्धे झाकलेले पाहून ‘अजून अर्धे मोकळे आहे’ म्हणणाऱ्याच्या हातात दोनच आठवडे असतात. आठव्या हिश्शाला केंदाळ होते तेव्हा सहा आठवडे होते, आणि तेव्हा ते काढायला माणसेही कमी लागली असती. पुढे जागाच संपते म्हणून वाढ मंदावते, रेषा आडवी होते. ते सूत्र बेल्जियमच्या व्हरहुल्स्टने १८३८ मध्ये दिले आहे. बायोच्या पुस्तकात ते चित्र आहे. चित्राखालचे समीकरण कळायला मात्र मॅथ्स लागते, आणि ते आपण सोडलेले असते.

सोडून सुटते का, हाही प्रश्नच आहे. राज्य मंडळाचे अकरावीचे फिजिक्सचे पुस्तक उघडा. दुसरेच प्रकरण ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’. सदिश, विकलन, संकलन, सगळे एका प्रकरणात कोंबलेले. कारण त्याशिवाय पुढचे फिजिक्स हलत नाही, आणि फिजिक्सशिवाय ‘नीट’ हलत नाही. पुढच्या दाराने घालवलेले गणित मागच्या दाराने येते, फक्त वर्षभर बसून शिकायचे ते दोन आठवड्यांत पाठ करायचे. मॅथ्स सोडलेल्या कितीतरी मुलांना ‘फिजिक्समध्ये अडतंय’ असे म्हणताना ऐकले आहे. अडते ते फिजिक्स नसते.

भीती खरी आहे, हे मान्य. ती पहिली-दुसरीतच पेरली जाते. मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ आणि जयंतरावांच्या पत्नी, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचायची मुभा दिली गेली. मुलांना लिहिलेले आणि बोललेले जुळावे, एवढाच हेतू. महाराष्ट्र आठवडाभर हसला. विनोद झाले, विधिमंडळातही झाले. मला स्वतःला ‘सत्तावीस’ मोडू नये असेच वाटते. पण हसणाऱ्यांपैकी कुणी दुसरीच्या वर्गात जाऊन पोरं कुठे अडखळतात ते पाहिले होते, असे दिसले नाही. गणिताची भीती घालवायला निघालेल्या बाईंची आपण टिंगल केली आणि आता मुलीला भूगोल घ्यायला लावला.

मुलीच्या आईच्या बाजूनेही बोलायला हवे. चार विषय म्हणजे चार क्लास, आणि क्लासची फी हप्त्यांत भरणारी घरे मला माहीत आहेत. ‘नीट’मध्ये गणित विचारत नाहीत. दोन गुणांनी सरकारी जागा हुकते तिथे ‘ज्ञान’ वगैरे बोलणाऱ्या काकांवर आईने चिडावे, हे बरोबरच आहे. पण सीईटीला आजही पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट देता येतात, आणि ज्या मुलीला गणितात सगळ्यांत जास्त गुण आहेत तिच्या डोक्यावरचा तो भार नाही. पंधराव्या वर्षी सोडलेले गणित विशीत परत धरणारे फार थोडे. उलट बारावीनंतर सोडता केव्हाही येते.

‘त्यांचा बायोशी काय संबंध’ याला आणखी एक उत्तर होते, ते परवा ऐन वेळी सुचले नाही. आजोबा सापेक्षतेचे गणिती, वडील विश्वरचनेचे, आणि थोरली मुलगी गीता नारळीकर आज सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवरसायन आणि जीवभौतिकीची प्राध्यापक आहे. पेशीत डीएनएची गुंडाळी कशी होते आणि उलगडते कशी, हा तिचा विषय.

आता कॉलेजांना एक विनंती. पीसीएमबी घेता येते असे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. प्रत्यक्षात बायोचे प्रॅक्टिकल आणि मॅथ्सचा तास एकाच वेळी लावलेला असतो, आणि खिडकीवरचा कारकून ‘कशाला दोन्ही, एक काहीतरी घ्या’ म्हणून अर्ज परत सरकवतो. यंदा वेळापत्रक लावताना हे दोन तास एकमेकांवर येणार नाहीत, एवढे पाहा. खर्च काहीच नाही. कागदावर दोन चौकोन इकडचे तिकडे करायचे आहेत.